ओढ्यात मत्स्यबीज सोडायचं की नाही? ट्राउट नदीवाल्यांचं वाचून डोक्यात किडा आलाय

डोंगरपायथा

नमस्कार मंडळी. बेलापूरला राहते. आमच्या सेक्टरच्या मागे डोंगरातून एक ओढा येतो, वर जंगलाच्या बाजूला अजून बरा आहे, खाली आला की दगडी पिचिंग (काठाला बसवलेले दगड), मग काँक्रीटचा नाला, मग होल्डिंग पाँड (पावसाचं पाणी थांबवायचं तळं) आणि तिथून खाडी. आमचा दहा-पंधरा जणांचा ग्रुप आहे, कोणी रिटायर्ड, कोणी कॉलेजची पोरं, दोन-तीन शिक्षिका, रविवारी सकाळी जमतो आणि कचरा काढतो. प्लास्टिक, थर्माकोल, देवाचे फोटो, निर्माल्याच्या गाठी मारलेल्या पिशव्या, गाद्या (गाद्या का टाकतात लोक ओढ्यात हे मला आजवर कळलेलं नाही). आता वरचा पट्टा बघण्यासारखा झालाय, लोक फिरायला येतात, फोटो काढतात.

तर झालंय असं की ग्रुपमध्ये कोणीतरी लंडनमधल्या वांडल नदीबद्दल टाकलं. एकेकाळी मेलेली नदी, तिथल्या लोकांनी रविवारी रविवारी जाऊन साफ केली आणि आता तिथे ट्राउट मासा परत आलाय वगैरे. झालं, सगळे पेटले. आपणही मासे सोडू या! एका स्थानिक पुढाऱ्यांनी रोहू-कटल्याचं मत्स्यबीज स्पॉन्सर करतो म्हणून सांगितलंय, पावसाच्या आधी छोटा कार्यक्रम, बॅनर, शाळेची मुलं बोलवायची असं चाललंय. एकाने तर ट्राउटच मिळेल का विचारलं, हिमाचलवरून मागवू म्हणे.

मला मनातून कसंतरी वाटतंय पण नेमकं काय चुकतंय ते सांगता येईना. म्हणून इथे विचारते. (१) असे मासे सोडले तर जगतात का? (२) त्या ट्राउटवाल्यांनी नेमकं काय केलं, नुसता कचरा काढून मासा परत येतो का? (३) आपल्या ओढ्यात मुळात कुठला मासा असायला हवा?

कोणी अशा कामात असेल तर प्लीज लिहा. गुगलवरचं ज्ञान नको, ते आमच्या ग्रुपवर रोज पहाटे पाचपासून येतं.

---

हायवेवाला

सोडा हो ताई. एवढा विचार काय करायचा, पुण्याचं काम आहे. आमच्या गावच्या तळ्यात सोडले होते, चांगले किलो-किलोचे झाले. मुलं खूश होतील. जगले तर जगले.

---

नौपाडा_ते_क्रॉयडन

अरे वा, वांडलचं नाव इथे वाचून मस्त वाटलं. मी मूळ ठाण्याचा, नोकरीसाठी काही वर्षं क्रॉयडनला होतो आणि वीकेंडला घरात बसून कंटाळा यायचा म्हणून या वांडलच्या साफसफाईला जायला लागलो. त्यामुळे क्र. २ चं उत्तर देतो, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

नदी म्हणजे आपल्या हिशेबाने ओढाच, जेमतेम १४ किमी. क्रॉयडन आणि कार्शाल्टन भागात चुनखडीच्या झऱ्यांतून निघते आणि वाँड्सवर्थला थेम्सला मिळते. पण उतार चांगला म्हणून तिच्यावर इतक्या पाणचक्क्या होत्या की विचारू नका. पीठ, तंबाखू, कापडाचं ब्लीचिंग, छपाई, चामडं. जागोजागी बांध घालून पाणी अडवलेलं. मग सांडपाणी. १९६० च्या दशकात तर सरकारदरबारी तिला उघडं गटार म्हणून जाहीर केलं होतं. ट्राउट त्याच्या कितीतरी आधीच संपला होता.

आता काम काय असतं तर पहिली पायरी तुम्ही करता तीच, कचरा. छातीपर्यंतचे रबरी बूट-पँट एकत्र असतात ते वेडर घालून पाण्यात उतरायचं आणि सुपरमार्केटच्या ट्रॉल्या, सायकली, मोटरसायकलचे सांगाडे ओढून काढायचे. दर महिन्याला. हे फोटोत छान दिसतं म्हणून तुमच्या ग्रुपवर तेच आलं असणार. पण तिथले मुरलेले लोक पहिल्याच दिवशी सांगायचे की ट्रॉली काढल्याने ट्राउट येत नाही. ट्रॉलीखाली तर उलट मासा लपतो! ट्राउट अडलेला असतो तो तळाशी.

म्हणजे काय, तर ट्राउटची मादी थंडीच्या सुरुवातीला वाहत्या उथळ पाण्यात येते, आडवी होऊन शेपटीने फटकारे मारते आणि सुपारीएवढ्या ते लिंबाएवढ्या गोट्यांमध्ये खड्डा करते. त्यात अंडी, वर पुन्हा गोटे. अंडी तिथे आठवडेच्या आठवडे पडून असतात, पाणी जितकं गार तितके जास्त दिवस, आणि या सगळ्या काळात गोट्यांच्या फटींतून पाणी खेळतं राहिलं पाहिजे, कारण अंड्याला त्यातूनच ऑक्सिजन मिळतो. वरून रस्त्यावरचा बारीक गाळ येऊन त्या फटी बुजल्या की अंडी आतल्या आत गुदमरून मरतात. वरून बघाल तर पाणी अगदी काचेसारखं. फोटो काढा, लाइक मिळतील, आणि खाली एक अंडं जिवंत नाही.

त्यामुळे खरं काम तळाचं. बांधांच्या मागे वर्षानुवर्षं साचलेला गाळ, म्हणून जिथे शक्य तिथे बांध काढला, किंवा खाच पाडून खाली केला, नाही जमलं तर माशाला चढायला बाजूने वाट करून दिली. पात्र उगाच रुंद झालं होतं तिथे ओंडके, फांद्या खुंट्या मारून बसवल्या म्हणजे प्रवाह अरुंद होतो, वेग धरतो आणि गाळ स्वतःच धुऊन नेतो. काही ठिकाणी ट्रकने गोटे आणून टाकले आणि आम्ही फावड्याने पसरले, पाठीचे हाल. रस्त्याचं पाणी जिथे नदीत पडतं तिथे गाळ पकडायची चेंबर बसवली.

शाळांचं म्हणाल तर होतं तेही. वर्गात थंड पाण्याच्या टाकीत ट्राउटची अंडी ठेवायची, मुलं पिल्लं वाढवायची आणि वसंतात नदीत सोडायची. पण तेवढ्याने नदी भरेल असं कोणी समजत नव्हतं, ते मुलांसाठी आणि मुलांच्या आईबापांसाठी होतं, बाप एकदा नदीवर आला की पुढच्या महिन्यात वेडर घालून उभा. खरा आनंद नंतर झाला जेव्हा नदीतच जन्मलेली पिल्लं सापडायला लागली.

आणि एक झटका. सप्टेंबर २००७ मध्ये बेडिंग्टनच्या सांडपाणी केंद्रातून सफाईचं क्लोरीनवालं रसायन नदीत गेलं आणि हजारो मासे एका फटक्यात मेले. मी तेव्हा नव्हतो, पण जुने लोक सांगताना गप्प व्हायचे. त्या कंपनीवर खटला झाला, दंड झाला, आणि नदीच्या कामाला तिने पैसेही दिले. तर वर्षानुवर्षांचं काम एका व्हॉल्व्हने जाऊ शकतं हेही डोक्यात ठेवा.

ट्राउट मागवायचं मात्र सोडून द्या. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्याला त्रास सुरू. बेलापूरला ते पाणी फ्रीजमध्येच मिळेल.

---

खेकडेमास्तर

वरचा प्रतिसाद जबरी. मी प्राणिशास्त्र शिकवतो (ज्युनियर कॉलेज, कळवा), थोडी भर.

क्र. १: नाही जगत, आणि जगले तर जास्त वाईट. रोहू-कटला हे मूळ गंगेकडचे, मोठ्या पाण्याचे मासे. हायवेवाले साहेब म्हणतात तसे तळ्यात वाढतात कारण तळं तळं असतं. घोट्याएवढ्या ओढ्यात मार्चमध्ये ते काय करणार? एक तर बगळ्यांची पार्टी, नाहीतर पहिल्या मोठ्या पावसात सगळे थेट नाल्यातून खाडीत. आणि बीजाच्या पिशवीत फक्त रोहू-कटलाच असतो याची खात्री कोण देणार? त्यातून तिलापिया येतो, कधी आफ्रिकी मागूर येतो. या आफ्रिकी मागूरच्या संवर्धनावर बंदी आहे तरी तो पोचायचा तिथे पोचतोच. एकदा शिरला की बेडकांची पिल्लं, खेकड्यांची पिल्लं, मळ्यासारखे छोटे मासे, सगळं साफ. डासांसाठी म्हणून सोडलेले गप्पी तर तुमच्या नाल्यात असतीलच, बघा काठाला शेपटी हलवत उभे असतात. तेही दक्षिण अमेरिकेचे पाहुणे.

ट्राउटच्या दुनियेत या विषयावर मोठी लढाई होऊन गेलीय. अमेरिकेत मोंटाना राज्यात नद्यांमध्ये दरवर्षी हॅचरीचे (केंद्रात अंडी उबवून वाढवलेले) ट्राउट ओतायचे, कारण गळवाले खूश. मग तिथल्या एका सरकारी जीवशास्त्रज्ञाने मॅडिसन नदीवर मोजमाप केलं तर निघालं भलतंच, हॅचरीचे मासे सोडलेल्या पट्ट्यात मूळचे रानटी ट्राउट कमी होतात, आणि सोडणं थांबवलं की वाढतात. प्रचंड आरडाओरडा झाला, दुकानदार चिडले, पण १९७४ पासून मोंटानाने रानटी मासा टिकून असलेल्या नद्यांत ट्राउट सोडणं बंद केलं. आज लोक जगभरातून तिथेच मासेमारीला जातात. पुढाऱ्यांना हे सांगून बघा, अर्थात बॅनरवर मावणार नाही.

आणि ट्राउटला फार डोक्यावर घेऊ नका. आपल्याकडे तो इंग्रजांनी आणलेला. १९०० च्या सुमाराला ब्रिटनमधून बर्फात अंडी आणून काश्मीरमध्ये ब्राउन ट्राउट रुजवला, निलगिरीत अॅव्हलांशला हॅचरी काढली, मुन्नारला नेला. तिथल्या थंड पाण्यात तो आजही आहे, पण काश्मीरच्या मूळ माशांना तो जडच गेला. म्हणजे इंग्लंडमध्ये जो घरचा, तोच आपल्याकडे उपरा. शिकायचं ते त्यांच्या पद्धतीकडून.

त्यातली एक पद्धत लगेच उचलण्यासारखी आहे. तिकडे नदीवरचे स्वयंसेवक दर महिन्याला एकाच ठिकाणी तीन मिनिटं पायाने तळ ढवळतात, खालच्या अंगाला जाळी धरतात, आलेलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये ओततात आणि ठरलेल्या आठ प्रकारचे किडे मोजतात. आकडा ठरलेल्या मर्यादेखाली गेला की सरकारी खात्याला फोन. पाणी तपासणीचा रिपोर्ट त्या घटकेचा असतो, रात्री दोनला कोणी काही सोडलं तर सकाळच्या बाटलीत सापडत नाही. किडा मात्र महिनोन्महिने तिथेच राहतो, त्याने सगळं भोगलेलं असतं.

तुम्ही वरच्या पट्ट्यात जा, वाहत्या पाण्यातला मुठीएवढा दगड अलगद उचला आणि उलटा करा. चपटा, तीन शेपट्यांचा, दगडाला चिकटून तिरका पळणारा किडा दिसला तर ती मेफ्लायची अळी, पाणी चांगलं. वाळूचे कण चिकटवून बोटाच्या पेराएवढी नळी केलेली दिसली तर कॅडिसची अळी, फारच छान. मग तोच प्रयोग नाल्याच्या तोंडाशी करा. तिथे बहुतेक लाल बारीक अळ्या वळवळताना दिसतील आणि दगडाची खालची बाजू काळी. दगड परत होता तसा ठेवा हां, ती कोणाची तरी खोली आहे.

अजून एक. १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांच्या पाण्यात साडेसातच. म्हणजे आपली सुरुवातच कमी शिलकीतून. वर सावली असेल, पाणी गार राहील तर तेवढाच फायदा. त्यामुळे सुशोभीकरणात काठावरचे उंबर, करंज, जांभळं तोडून पामची झाडं लावायचा कोणी विषय काढला तर आडवे पडा.

---

करावेकर

मास्तर बरोबर बोलले. मी इथला आगरी, आमची शेती होती, आता सेक्टर आहे. क्र. ३ वर मी बोलतो.

तुमचे शहरातले लोक विचारतात ओढ्यात कुठला मासा सोडायचा. अरे सोडायचा कशाला, तो स्वतःहून यायचा! पहिला दणदणीत पाऊस पडला, शेतं भरली, ओढे लाल झाले की रात्री वलगण, म्हणजे मासा वर चढायची वेळ. खाडीतनं चिवणी वर चढायची, पोटं अंड्यांनी टम्म. मळे, खवल, शिंगटी, सगळं उलट्या धारेने शेतात. बांधावरून पाणी पडतंय तिथे मासा उड्या मारतोय हे मी डोळ्याने बघितलंय, आमचे आजोबा टॉर्च घेऊन आणि आम्ही पोरं मागे टोपली घेऊन. शेतातल्या ऊबदार उथळ पाण्यात अंडी घालायची, पिल्लं भातातच वाढायची आणि पाणी उतरलं की परत खाली.

आता यायचं कुठून? खाडीच्या तोंडाला झडपा. त्याच्या वर तळं, गाळाने भरलेलं. मग काँक्रीटचा नाला, त्याला गुळगुळीत उतार, मध्ये एक कंबरेएवढी उडी. मासा काय लिफ्टने जाणार?

हे लंडनवाले भाऊ म्हणतात ना बांध काढले, खाच पाडली, ते मला लगेच पटलं. आमचं पण दुखणं तेच आहे, वाट बंद.

दुसरं म्हणजे डोह. ट्राउटला गोटे लागतात म्हणता, आपल्या माशाला डोह लागतो. मार्चनंतर ओढा आटतो, मासा डोहात गोळा होतो आणि मे महिना काढतो. डोह गेला की पुढच्या पावसाला वर चढायला खालचा मासा नाही आणि खाली यायला वरचा मासा नाही. तुमच्या वरच्या पट्ट्यात एक होता, मोठ्या कातळाखाली, तिथे ठाकरवाडीतल्या बाया खेकडे पकडायच्या. आहे का अजून? की त्यात डेब्रिज टाकलं?

अंड्यावरची चिवणी खायला आम्हीच पुढे, ते पण खरंय. गाभोळीसाठी दोनशे जास्त देतो आम्ही. पण पूर्वी हाताने धरायचो, आता लोक नाल्याच्या तोंडाला आरपार जाळं बांधतात, एक पण वर जात नाही. वलगणीची पहिली रात्र तरी सोडायला पाहिजे.

जुन्या लोकांनी हे देवाच्या नावावर जमवलं होतं. वाड्याजवळ तिळश्याला वैतरणेत देवळाखालचे मासे कोणी धरत नाही, महाडकडे वाळणकोंडीत पण तेच, एवढाले महसीर हातातनं मुरमुरे खातात.

---

डोंगरपायथा

बापरे, काय काय लिहिलंय सगळ्यांनी, खूप खूप आभार. करावेकर दादा, तो कातळाखालचा डोह आहे अजून! पण अर्धा भरलाय, वरच्या बाजूला रस्त्याचं काम झालं तेव्हाची माती आणि खडी. आम्ही तिथे बसून पोहे खातो, पण तो माशांचा मे महिन्याचा मुक्काम असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मास्तर, आज सकाळीच दगड उलटे करून आले. वर तीन शेपट्यांचे मिळाले! नळीवाला एकच. खाली नाल्याच्या तोंडाशी अगदी तुम्ही म्हणालात तेच, लाल अळ्या, आणि वास.

आता अडचण अशी की मे-जूनमध्ये नालेसफाई होते. पोकलेन येतं आणि तळ खरवडून सगळं काठावर टाकतं, दगड, गवत, सगळं. आठ दिवसांनी पाऊस येतो आणि काठावरचं परत आत. आणि आम्ही गोटे, ओंडके असं काही टाकलं तर अतिक्रमण म्हणून आम्हालाच नोटीस येईल. यावर काय करायचं?

---

निवृत्त_ज्युनियर_इंजिनियर

धागा वाचून राहवलं नाही. आयुष्य नाले आणि पंप यातच गेलं (कुठल्या कार्यालयात ते विचारू नका). माझी बाजू ऐकून घ्या, मग शिव्या द्या.

वांडल वगैरे ठीक आहे, पण ती झऱ्यांची नदी, बारा महिने जवळपास सारखी वाहते. आपलं पाणी चार महिन्यांत येतं आणि त्यातलं बरंचसं थोड्याच दिवसांत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी झाला. अशा पाण्यात तुमचा ओंडका खुंट्यांसकट उखडून खालच्या कल्व्हर्टच्या (रस्त्याखालच्या मोरीच्या) तोंडात अडकणार आणि मागचा सेक्टर बुडणार. मग पेपरात फोटो कोणाचा? त्यामुळे नाल्यात ओंडके नकोत हे मी आधीच सांगतो. वरच्या जंगलपट्ट्यात काय करायचं ते वनखात्याला विचारून करा.

झडपांचं पण समजून घ्या. नवी मुंबईचा बराच भाग भराव घातलेला, भरतीच्या पातळीला किंवा तिच्याही खाली. भरती आली की झडपा पाण्याच्या दाबाने आपोआप बंद, तेवढा वेळ पावसाचं पाणी होल्डिंग पाँडमध्ये थांबतं, ओहोटीला दाब उतरला की झडपा उघडतात. हे काढा म्हणालात तर सीबीडी बेलापूरमध्ये होड्या चालवाव्या लागतील.

पण. नाल्याचा तळ सपाट काँक्रीटच असला पाहिजे असं कुठल्याच शास्त्रात लिहिलेलं नाही. तळाला मधोमध अरुंद चर ठेवला तर कोरड्या दिवसातलं थोडकं पाणी त्यात खोल आणि जोरात वाहतं, पसरून सडत नाही, गाळ कमी बसतो, डास कमी, आणि सफाईचा खर्च पण कमी. तुमच्या माशालाही तेच पाहिजे आहे असं दिसतंय. ती कंबरेएवढी उडी, तिथे खाली दोन-तीन पायऱ्यांत दगड सिमेंटमध्ये बसवून चढण करता येते. दुरुस्तीचं काम निघतं तेव्हा हे मागायचं, मधेच नाही. अंदाजपत्रक बनताना पत्र गेलं पाहिजे, पोकलेन दारात आल्यावर नाही.

नालेसफाईचं म्हणाल तर ठेकेदाराला गाळाचे पैसे मिळतात, दगडाचे नाही, पण ड्रायव्हर बघत बसत नाही. एप्रिलमध्ये संबंधित इंजिनियरला घेऊन एकदा ओढ्यावर चाला. "मुळीच करू नका" म्हणालात तर तो ऐकणार नाही, त्याची मान अडकलेली असते. "पुलाखाली आणि कल्व्हर्टपाशी पूर्ण काढा, या डोहापासून त्या उंबरापर्यंत फक्त गाळ आणि कचरा, दगड राहू द्या" असं म्हटलंत, काठावर चुन्याने खूण केलीत आणि काम चालू असताना तुमचं एक माणूस तिथे उभं राहिलं तर बहुतेक जमतं. काठावर टाकलेला गाळ उचलण्याची तारीख मात्र लेखी घ्या.

---

पित्त_खवळलं

सगळं छान छान चाललंय. पण मार्चमध्ये त्या ओढ्यात खाली जे पाणी वाहतं ते कुठलं? डोंगर तर कोरडा ठणठणीत. ते आपल्या सगळ्यांच्या बाथरूमचं आहे. आधी ते बंद करा मग मेफ्लाय मोजा.

---

नौपाडा_ते_क्रॉयडन

@पित्त_खवळलं एकदम बरोबर, आणि गंमत म्हणजे हे लंडनचंही दुखणं आहे. पावसाच्या पाण्याची लाइन वेगळी, सांडपाण्याची वेगळी, आणि घरात प्लंबरने जवळची दिसली ती जोडून दिली. स्वयंसेवक अक्षरशः नदीकाठाने चालत एकेक पाईपाचं तोंड बघतात, फोटो, नोंद, कुठल्यातून राखाडी पाणी येतंय, कुठल्याखाली पांढरट बुरशी धरलीय, आणि यादी करून पाणी कंपनीला देतात.

आपल्याकडे तर हे शोधणं सोपं आहे कारण सात-आठ महिने पाऊसच नाही! जानेवारीत पावसाळी गटाराच्या तोंडातून पाणी येतंय म्हणजे काहीतरी गडबड. माझ्या स्वतःच्या ठाण्यातल्या सोसायटीत, लोकांनी बाल्कनी आत घेतली, तिथे वॉशिंग मशीन ठेवलं आणि त्याचा पाईप दिला सोडून पावसाच्या पाईपात. अख्ख्या विंगचा सर्फ थेट गटारात. ठाण्यात तलावांचं कौतुक करणारे आम्हीच.

एक स्वस्तातली युक्ती. डिटर्जंटमध्ये कपडे चमकवायचं एक द्रव्य असतं, ते कापसात धरून राहतं आणि यूव्ही प्रकाशात निळसर चमकतं. तेव्हा कापसाचा बोळा जाळीच्या पिशवीत घालून पाईपाच्या तोंडाला दोन-तीन दिवस बांधून ठेवायचा, मग स्वच्छ पाण्यात खळबळून, वाळवून, अंधारात नोटा तपासायच्या यूव्ही टॉर्चखाली बघायचा. चमकला तर वर कोणाचं तरी मशीन आहे. फक्त कापूस आधी कोरा तपासून घ्या, काही ब्रँडचा मुळातच चमकतो.

---

सोसायटीची_सेक्रेटरी

हे वॉशिंग मशीनचं सांगून बघा हो एकदा मीटिंगमध्ये, मग कळेल. "माझ्या एकट्याने काय होणार" पासून "पार्किंगचं आधी बघा" पर्यंत सगळं ऐकून घ्यावं लागतं. आमच्याकडे शेवटी कसं जमलं तर प्लंबरने पूर्ण विंगचा एकत्र रेट दिला आणि सोसायटीने अर्धा भरला. नोटिशीने एकही पाईप हलला नव्हता.

ताई, कापूस चमकलेला फोटो मिळाला तर इथे टाका, मला पुढच्या एजीएमला हवाय. फ्लॅट नंबर नको, नाहीतर भांडणं.

---

हायवेवाला

ओके ओके, माझं "सोडा" मागे घेतो. पण त्या पुढाऱ्यांचं काय करणार? त्यांना नाही म्हटलं तर पुढच्या वेळी कचऱ्याची गाडी पण मिळणार नाही, हे पण बघा.

---

डोंगरपायथा

हाच प्रश्न काल आमच्याकडे तासभर चालला. शेवटी ठरलं की त्यांच्याकडे मत्स्यबीजाऐवजी दोन गोष्टी मागायच्या. एक म्हणजे डोहातली माती आणि खडी हाताने काढायला मजुरी आणि ती वाहून न्यायला टेम्पो, अर्थात वनखात्याची परवानगी आली की. दुसरं म्हणजे इंजिनियर साहेबांबरोबर ओढ्यावरून एक फेरी, ते सोबत असले की साहेब येतात. बॅनर लावायचा तर डोहापाशी लावा म्हटलं, तिथे कोणी वाचणार नाही पण फोटो हिरवागार येईल. ते हसले आणि हो म्हणाले. बघू.

ट्राउट हिमाचलवरून मागवू म्हणणारे काका जरा नाराज आहेत, त्यांना मास्तरांचा प्रतिसाद फॉरवर्ड केलाय. आता ते सगळ्यांना मोंटाना समजावतायत.

जे जवळपास असतील त्यांनी येत्या रविवारी सकाळी साडेसहाला या. पाईपांची तोंडं मोजत नाल्यापासून वर डोहापर्यंत चालायचं आहे. करावेकर दादा, तुम्ही याच, जुनी वाट कुठून होती ते तुमच्याशिवाय कोणी सांगू शकणार नाही. कापसाचे बोळे मी आणते. यूव्ही टॉर्च कोणाकडे आहे?

---

करावेकर

येतो. भावाचं दुकान आहे, नोटांचा टॉर्च आणतो. ठाकरवाडीतल्या एक आजी आहेत, खेकड्यांचं त्यांना सगळं माहीत, चालवत असेल तर त्यांना पण घेऊन येतो. त्यांना चहा-नाश्ता आणि रोजाचे पैसे द्या, त्यांचा दिवस मोडतो.

---

निवृत्त_ज्युनियर_इंजिनियर

चपला घालून येऊ नका कोणी. गमबूट आणि रबरी हातमोजे. पायाला जखम असेल त्याने काठावर राहून नोंदी घ्यायच्या, नाल्याच्या पाण्यात उंदीर असतात आणि त्यांच्या मुतातून होणारा लेप्टोचा ताप फक्त पावसातच होतो असं नाही. कल्व्हर्टच्या आत कोणीही डोकं घालायचं नाही, आत गॅस असतो. नंतर साबणाने हात धुऊन मगच पोहे.

मी पुलापाशी थांबतो, गुडघे वर चढू देत नाहीत. नाल्याचे जुने नकाशे मिळाले तर घेऊन येतो.